स्पर्धेआधी हृदयाची तपासणी: कोणाला, कोणती आणि कितपत?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीची बॉक्स क्रिकेट स्पर्धा डिसेंबरात आहे आणि यंदा आयोजन माझ्याकडे आलंय. टर्फ ठरलं, जर्सी ठरल्या, जेवणाचंही ठरलं. अडलंय ते एकाच ठिकाणी: खेळाडूंकडून हृदयाच्या तपासणीचा कागद मागायचा का, आणि मागायचा तर कोणता?

आमच्याकडे दहावीतली मुलं खेळतात आणि साठीला आलेले काकाही. मधल्या वयाचे बहुतेक जण आठवडाभर खुर्चीवर बसून काम करणारे. ऑफिसातून घरी यायलाच घोडबंदर रोडवर नऊ वाजतात. शनिवारी रात्री जेवून थेट टर्फवर, वॉर्मअप नाही, आणि दुसऱ्या चेंडूला दोन धावांसाठी जिवाच्या आकांताने पळायचं.

मार्च २०२५ मध्ये बांगलादेशचा क्रिकेटपटू तमीम इक्बाल ढाक्याजवळ क्लबचा सामना चालू असताना छातीत दुखून कोसळला. वय ३६. वेळेवर उपचार मिळाले, स्टेंट बसला, माणूस वाचला. त्याआधी २ जानेवारी २०२१ ला सौरव गांगुलीला घरी व्यायाम करताना त्रास झाला, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. आयुष्यभर खेळलेल्या माणसांचं हे, तर आमच्या शनिवारच्या खेळाडूंचं काय?

समितीत दोघे म्हणतात सगळ्यांना ईसीजी सक्तीचा करा. एक जण लॅबच्या 'फुल बॉडी पॅकेज'वर सवलत आणायला निघालाय. बाकीचे म्हणतात, स्पर्धा आहे, सैन्यभरती नाही. मला निर्णय घ्यायचाय आणि तो नीट कळून घ्यायचाय. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

मिनी_सीशोर

विषय फार महत्त्वाचा. वाचतोय.

नेरूळची_आई

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, फुटबॉल खेळतो, आठवड्यातून पाच दिवस सराव. अकादमीने ईसीजी मागितला म्हणून जवळच्या लॅबमध्ये काढला. नाडी ४८, आणि मशीनने वरच्या कोपऱ्यात 'असामान्य' असं छापून दिलं. त्या कागदाने आमच्या घरातली झोप उडवली. सासूबाईंनी तर फुटबॉल बंदच करायला सांगितलं. पुढे हृदयरोगतज्ज्ञांकडे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. डॉक्टरांनी त्याला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं की नियमित खेळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून विश्रांतीत नाडी मंद असते, यात आजार काही नाही.

म्हणून घोडबंदरकर, कागद मागणार असाल तर तो वाचणार कोण, हे आधी ठरवा.

स्पंदन_वाशी

मी वाशीत हृदयरोगतज्ज्ञ आहे. नेरूळची_आई यांनी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आधीच मांडलाय. खेळाडूंचा ईसीजी वाचायचे निकष वेगळे आहेत. २०१७ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. मंद नाडी, काही प्रमाणात वाढलेलं व्होल्टेज, पहिल्या श्रेणीचा सौम्य ब्लॉक (हृदयातला विजेचा संदेश थोडा उशिरा पोचणं) हे सगळं सरावातल्या खेळाडूत नैसर्गिक धरतात. मशीनला समोरचा मुलगा रोज दोन तास धावतो हे माहीत नसतं.

आता मूळ प्रश्न. वयाच्या पस्तिशीला एक ढोबळ रेघ ओढा, कारण अलीकडचे आणि पलीकडचे आजारच वेगळे आहेत.

पस्तिशीच्या आत खेळताना अचानक मृत्यू आला तर कारण बहुधा जन्मजात किंवा आनुवंशिक असतं. हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होणं, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, ही साधारण ५०० माणसांत एकाला असते. बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ साली कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात मैदानात कोसळून गेला, त्याला हाच आजार होता. दुसरा गट हृदयाच्या विजेच्या जोडणीतल्या बिघाडांचा: लाँग क्यूटी, ब्रुगाडा, डब्ल्यूपीडब्ल्यू. यांत हृदय दिसायला अगदी सुदृढ असतं, त्यामुळे इको नॉर्मल येतो. संशय येतो तो ईसीजीवरून, आणि तोही दर वेळी नाही. तिसरं कारण म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चुकीच्या जागेवरून निघालेली असणं. ही साध्या ईसीजीत जवळपास कधीच सापडत नाही.

पस्तिशीनंतर मुख्य कारण एकच: धमन्यांतले चरबीचे थर. आपल्याकडे हे लवकर सुरू होतं. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं मध्यक वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतरत्र ते ५९ च्या आसपास होतं. म्हणून चाळिशीच्या खेळाडूला विश्रांतीतल्या ईसीजीपेक्षा रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाइल आणि तंबाखूबद्दलचं खरं उत्तर जास्त उपयोगाचं आहे. २०२४ मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने आयुष्यात एकदा तरी लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, तपासायला सांगितलंय. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, डाएट आणि धावण्याने फारसं हलत नाही. घरात कमी वयात अटॅक आलेले असतील तर नक्की करा.

पारसिक_पायवाट

थोडा विरोधी सूर लावतो. मी कबड्डीत वाढलेला माणूस, आता साठी ओलांडली, रोज पारसिक टेकडीवर चालतो. आमच्या मैदानात कोणी ईसीजी बघितला नव्हता हा माझा मुद्दा नाही, काळ बदलला हे मान्य. माझी काळजी वेगळी आहे. भीती घातली की लोक खेळणंच सोडतात. चाळिशीच्या माणसाने खेळणं सोडलं तर साखर, रक्तदाब, वजन तिन्ही वाढणार आणि हृदय अजूनच बिघडणार.

आकडेच बघायचे तर २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा अभ्यास आला होता. दहा वर्षांत सुमारे १ कोटी ९ लाख धावपटू, त्यांत हृदय बंद पडण्याच्या घटना ५९, मृत्यू ४२. म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांमागे एक घटना. इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी सरसकट सक्ती कशाला?

स्पंदन_वाशी

पारसिक_पायवाट काका, तुमची काळजी रास्त आहे आणि आकडेही बरोबर आहेत. खेळणं सोडू नका हेच मीही सांगते. फक्त दोन गोष्टी जोडते.

एक, मॅरेथॉनला उतरणारे महिनोन्महिने तयारी करतात. अचानक जोर लावण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो एरवी हालचाल न करणाऱ्याला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: घरात कोणाचा अचानक मृत्यू, कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरमसाट मद्यपान किंवा नशा, आणि त्याच ४८ तासांत केलेला अतिकष्टाचा व्यायाम. शुक्रवारी रात्री पार्टी आणि शनिवारी सामना असा बेत असणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

दोन, सक्तीचा प्रश्न जगभर वादाचा आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी बंधनकारक केली. तिथल्या व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू दर लाखामागे वर्षाला ३.६ वरून २००४ पर्यंत ०.४ वर आले. इस्रायलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला, पण २०११ च्या अभ्यासात तिथे आधीच्या आणि नंतरच्या काळात फरक दिसला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन सरसकट ईसीजी सुचवत नाही. त्यांचा भर १४ मुद्द्यांच्या प्रश्नावलीवर आणि शारीरिक तपासणीवर आहे. युरोपातले तज्ज्ञ ईसीजीच्या बाजूने आहेत. माझं मत विचाराल तर गल्लीतल्या स्पर्धेत सरसकट ईसीजी नको, प्रश्नावली मात्र सगळ्यांना हवी. रोज सराव करणाऱ्या, जिल्हा-राज्य पातळीवरच्या मुलांचा ईसीजी एकदा काढून तो जाणकाराकडून वाचून घ्यावा.

वागळे_स्मॅश

आयसीएमआरचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या बॅडमिंटन ग्रुपवर रोज कोणीतरी फॉरवर्ड टाकतं की हे सगळं लसीमुळे होतंय. खरं काय?

स्पंदन_वाशी

त्याच अभ्यासात हाही प्रश्न तपासला होता. लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचं आढळलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. ग्रुपवर जरूर सांगा, कारण लसीला दोष देऊन मोकळे झालेले लोक पुढे स्वतःचा रक्तदाबही बघत नाहीत.

खारघर_चढण

माझा अनुभव सांगतो, कोणाला उपयोगी पडला तर बरं. वय ५१, रविवारी खारघर हिलवर धावणं ठरलेलं. धूम्रपान नाही, वजन आटोक्यात. वडिलांना मात्र ५४ व्या वर्षी अटॅक आलेला. गेल्या वर्षी चढावर डाव्या जबड्यात आणि गळ्याशी आवळल्यासारखं व्हायला लागलं. थांबलो की दोन मिनिटांत बंद. पुन्हा चढायला लागलो की त्याच वळणावर पुन्हा. छातीत काहीही नाही. सोबतचे म्हणाले ॲसिडिटी, पण थांबल्यावर जाणारी ॲसिडिटी मला पटेना. सोमवारीच डॉक्टर गाठले.

ईसीजी एकदम स्वच्छ. मग टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी, केली, त्यात चौथ्या मिनिटाला आलेखात बदल दिसले. अँजिओग्राफीत मुख्य डाव्या बाजूच्या धमनीत मोठा अडथळा निघाला आणि स्टेंट बसला. पुढे कार्डियाक रिहॅब केलं, आधी सपाटीवर चालणं, मग हळूहळू जॉगिंग. आता डॉक्टरांच्या परवानगीने सेंट्रल पार्कात धावतो, गोळ्या चालू आहेत.

ज्यांच्याकडे नॉर्मल ईसीजीचा कागद आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा, तो कागद माझ्याकडेही होता.

तलावपाळी_सकाळ

खारघर_चढण, तुम्ही सोमवारीच गेलात हे फार बरं केलंत. आमच्या तलावपाळीच्या चालण्याच्या गटात बहुतेक बायका आहेत, त्यांच्यासाठी एक लिहावंसं वाटतं. आमच्यात एकीला फक्त अतोनात थकवा आणि पाठीत दुखणं होतं, नेहमीच्या दोन फेऱ्यांत धाप लागायची. घरच्यांनी पाळी जाण्याच्या वयावर ढकललं. तपासणीत रक्तपुरवठा कमी पडत असल्याचं निघालं. कालपर्यंत जमणारं काम आज अचानक जमेनासं होणं हेच लक्षण धरा, छातीत कळ येण्याची वाट बघू नका.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना. माझा मोठा भाऊ तिसाव्या वर्षी झोपेत गेला. तेव्हा कोणी काही शोधलं नाही, नशीब म्हटलं आणि विषय संपला. मागच्या वर्षी त्याच्या मुलीला कॉलेजच्या खो-खो संघात धावताना चक्कर येऊन ती पडली. तपासात हृदयाचा स्नायू जाड निघाला, तुम्ही वर लिहिलाय तोच आजार. आता ती घरात बसून असते. तिने आयुष्यभर असंच बसायचं का?

स्पंदन_वाशी

ताई, आधी तुमच्यासाठीच लिहिते. हा आजार पालकांकडून मुलांकडे जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे निम्मी असते. भावाचा मृत्यू बहुधा यामुळेच झाला असं धरून त्याच्या सगळ्या मुलांचा, तुमचा आणि तुमच्या बाकीच्या भावंडांचा ईसीजी आणि इको व्हायला हवा. एकदा नॉर्मल आला म्हणून संपत नाही. हा स्नायू वयात येताना किंवा त्यानंतरही जाड होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा बघावं लागतं. जनुकीय चाचणीही उपलब्ध आहे. भाचीत दोष नक्की सापडला तर बाकीच्यांना तेवढंच तपासता येतं, आणि ज्यांच्यात तो नाही त्यांची वारंवारच्या तपासण्यांतून सुटका होते.

भाचीबद्दल: पूर्वी अशा मुलांना सरसकट खेळबंदी असायची. आता धोका मोजून, पेशंट आणि घरच्यांशी बोलून ठरवतात. धावताना चक्कर आली हे गंभीर लक्षण आहे, त्यामुळे तिला अशा आजारांचा अनुभव असलेल्या केंद्रातच दाखवा. आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास आतूनच शॉक देणारं यंत्र, लागेल का ते तिथे ठरेल. पण घरात बसवून ठेवणं हा उपाय नाही. हलका ते मध्यम व्यायाम बहुतेकांना सुरक्षित असतो आणि हवाच असतो.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला युरो स्पर्धेत फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळला. मैदानातच सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) आणि शॉक मिळाला. नंतर आयसीडी बसवलं. इटलीच्या नियमांत त्याला इंटर मिलानकडून खेळता येईना, पण २०२२ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डने त्याला घेतलं आणि तो पुन्हा खेळला. त्याचा आजार आणि भाचीचा आजार एकच असेल असं नाही, तेव्हा तुलना जपून करा. पण तिला ही गोष्ट जरूर सांगा.

तलावपाळी_सकाळ

डॉक्टर, मनापासून आभार. दोन्ही भावंडांना आजच फोन करते.

कोपरी_स्ट्रायकर

टीएमटीबद्दल एक शंका. आमच्या ओळखीत एकाची टीएमटी उत्तम आली आणि महिन्याभरात अटॅक आला. मग तिचा उपयोग काय?

स्पंदन_वाशी

टीएमटी सांगते की श्रमात रक्त कमी पडण्याइतकी धमनी अरुंद झालीय का. पण कित्येक अटॅक निम्म्याहून कमी अडथळ्याच्या जागी येतात. तिथला चरबीचा थर अचानक फाटतो, त्यावर गुठळी जमते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. आदल्या दिवशीची टीएमटीसुद्धा हे सांगू शकली नसती. म्हणून थर नरम पडून फाटू नयेत यासाठी कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांवर काम करायचं. लक्षणं असतील तर टीएमटी कराच. काही लक्षण नाही, धोकाही कमी, तरी पॅकेजमध्ये आहे म्हणून केलीत तर खोटा पॉझिटिव्ह येऊन विनाकारण पुढच्या तपासण्या मागे लागण्याची शक्यता असते.

आणि घोडबंदरकर, पावसाळ्यानंतर स्पर्धा घेताय म्हणून एक सांगते. फ्लू, कोविड, डेंग्यू यांत कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप अंगावर असताना खेळायचं नाही. ताप गेल्यावरही धडधड, धाप किंवा छातीत दुखणं राहिलं तर तपासून घेतल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. अशी सूज निघालीच तर तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवावा लागतो. तरुण पोरं हे ऐकत नाहीत, म्हणून आयोजकाने सांगायला हवं.

वर्तकनगर_पंच

मी टेनिस बॉल स्पर्धांत पंचगिरी करतो आणि सीपीआरचं प्रशिक्षण घेतलेला आहे, इतरांनाही देतो. कितीही कागद गोळा केले तरी एखादा निसटणारच, वर डॉक्टरांनी सांगितलेला धमनीचा दोष तर ईसीजीत दिसतच नाही. तेव्हा निसटलेल्याला वाचवायची तयारी टर्फवर हवी.

हार्ट अटॅकमध्ये धमनी बंद होते, माणूस बहुधा शुद्धीवर असतो, दुखतंय म्हणून सांगतो, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायचं. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. तिथे छाती दाबणं त्याच जागी, त्याच क्षणी सुरू व्हायला हवं. शॉक मिळायला उशीर झाला आणि सीपीआरही नसला तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. संध्याकाळी घोडबंदर रोडवर अँब्युलन्सला किती वेळ लागेल ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

मी मैदानावर बघितलंय, माणूस पडला की पहिली हाक 'अरे पाणी आणा' अशी येते. दुसरा कांदा शोधतो, तिसरा फिट आली समजून चप्पल नाकाशी धरतो. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला हातपाय झटके देऊ शकतात, घशातून घोरल्यासारखी घरघरही येते. तो श्वास नव्हे. हलवून, हाक मारून प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला सुरुवात करायची. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत माणूस दमतो, तेव्हा हात बदला. तोंडात पाणी अजिबात नाही.

एईडी, म्हणजे बाहेरून हृदयाला शॉक देणारं यंत्र, मिळालं तर सोनंच. ते यंत्र बोलून सूचना देतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे वापरायला घाबरू नका. वसाहतीतल्या क्लब हाउसमध्ये, जवळच्या रुग्णालयात ते आहे का, भाड्याने मिळतं का, याची चौकशी स्पर्धेच्या आधी करा.

नेरूळची_आई

पंच दादा, चेंडू जोरात छातीवर लागून हृदय बंद पडतं असं ऐकलं होतं. खरंच होतं का तसं?

वर्तकनगर_पंच

होतं ताई, पण फार क्वचित. ठोक्यांच्या चक्रातल्या एका अगदी बारीक क्षणी नेमका हृदयावर आघात बसला तर निरोगी हृदयही बंद पडू शकतं. मुलांची छाती लवचिक असते म्हणून त्यांच्यात जास्त. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या डामार हॅमलिनला हेच झालं, मैदानातल्या सीपीआरने वाचला आणि पुन्हा खेळला. उपाय तोच, लगेच छाती दाबणं आणि शॉक.

पारसिक_पायवाट

पंचसाहेबांची पोस्ट वाचून माझं अर्धं मत बदललं. प्रश्नावलीला माझा विरोध नाही. आमच्या टेकडीवरच्या गटालाही सीपीआर शिकवायला याल का?

वर्तकनगर_पंच

नक्की येईन काका. व्यक्तिगत निरोप करतो.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली, ठरलेलं इथे टाकतो, चुकलं असेल तर सांगा.

सरसकट ईसीजी नाही, लॅबचं पॅकेज नाही. प्रवेश अर्जासोबत प्रश्न येतील: श्रमात छाती, जबडा, हात किंवा पाठीत दुखतं का, धावताना कधी चक्कर वा बेशुद्धी आली का, विनाकारण धडधड होते का, बरोबरीच्यांपेक्षा लवकर धाप लागते का, घरात पन्नाशीच्या आत कोणाचा अचानक मृत्यू किंवा कमी वयात अटॅक झालाय का, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, गेल्या महिन्यात ताप. एकाही लक्षणाला किंवा घरच्या इतिहासाला 'हो' असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावरच नाव संघात. चाळिशीपुढच्यांनी वर्षभरातला रक्तदाब, साखर आणि लिपिडचा रिपोर्ट स्वतः बघितलाय एवढं लिहून द्यायचं, रिपोर्ट आम्हाला दाखवायची गरज नाही. प्रत्येक संघातल्या दोघांनी सीपीआर शिकायचं. सामना रात्री साडेदहाऐवजी साडेसातला, आधी दहा मिनिटं वॉर्मअप सक्तीचा.

स्पंदन_वाशी

छान. एकच बदल सुचवते. बेशुद्धीचा प्रश्न दोन भागांत विचारा: धावता धावता, की थांबल्यावर रांगेत उभं असताना. पहिला प्रकार बहुधा गंभीर, दुसरा बहुधा साधा, पण चिठ्ठी दोन्हींना मागा. आणि अर्ज मुलांकडून नको, अठराच्या आतल्यांचा पालकांकडून भरून घ्या. आजोबा किंवा काका कसे गेले हे मुलांना ठाऊक नसतं.

वर्तकनगर_पंच

टर्फच्या गेटची चावी सामन्याच्या वेळी कोणाकडे असते ते बघून ठेवा. मागचं गेट रुग्णवाहिकेसाठी उघडं हवं, आणि वॉचमनलाही प्रशिक्षणाला बसवा.

घोडबंदरकर

दोन्ही बदल अर्जात घेतले. चावीचं आज संध्याकाळी टर्फवाल्याशी बोलतो. प्रशिक्षण पुढच्या रविवारी सकाळी नऊला, क्लब हाउसमध्ये. धाग्यावरच्या कोणालाही यायचं असेल तर या, बाहेरच्यांनाही जागा आहे.